मोहन, इंजिन बंद होतं

मंडळाच्या अंकासाठी मोहनवर चार चांगले शब्द लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. चांगले शब्द त्यांनीच लिहावेत. त्यांना तू वर्षातून एकदा गणपतीत भेटायचास, मांडव बांधायचास, प्रसादाची भांडी घासायचास. त्यांच्यासाठी तू गोडच. मी तुझी थोरली बहीण. मी तुझ्याशी रोज भांडले. आणि आपलं शेवटचं भांडण तू अर्ध्यात टाकून उठलास. दुकानात बसून तासभर भाव करायचा आणि "बघतो, सांगतो" म्हणत निघून जायचं, तसा. अशा गिऱ्हाइकाच्या पाठीमागे मी काय बोलते ते तुला पाठ आहे. आज तेच तुझ्या पाठीमागे बोलणार आहे.

घरात तुझा फोटो लावलाय. तुझ्या बायकोनं, शैलानं, हार घातलाय. फोटोत तू हसतोयस. तो बघितला की मला काच फोडावीशी वाटते. परवा खरंच हात उचलला होता, शैला मध्ये आली म्हणून वाचलास. बायकोच्या मागे लपायची तुझी सवय मेल्यावरही गेली नाही.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून थोडं सांगते, तू ऐकून घे. बंगळूरला बसवनगुडीत आपलं छोटं दुकान आहे. आपण जंगलाच्या सहली विकतो. काबिनीची बोट, बंदीपूरची बस, दांडेलीच्या नदीतलं राफ्टिंग, भद्रेकाठचे तंबू. इलेक्ट्रॉनिक सिटीतली पोरं शुक्रवारी संध्याकाळी कॉम्प्युटर मिटतात आणि त्यांना सोमवारच्या आत वाघ हवा असतो. मी विकायची, तू दाखवायचास. बस स्टँडवर उभी राहून दुसऱ्यांच्या लॉजच्या खोल्या विकायला मी सुरुवात केली, तेव्हा तू शाळेत होतास. मला कुणी हात धरून वर चढवलं नाही. जे मिळालं ते भांडून मिळालं. नदीकडची खोली कबूल करून मागची देणाऱ्या एका मॅनेजरच्या टेबलावर मी त्याचीच चावी अशी आपटली, की वरची काच तडकली. तू बाहेर गिऱ्हाइकांना समजावत होतास, "अक्का स्वल्प गरम आहे, पण खोली नदीवरचीच मिळेल बघा." मिळाली.

मी कितीतरी वर्षं जंगल विकत होते आणि जंगल बघितलं नव्हतं. तूच मला हट्टानं घेऊन गेलास. काबिनीच्या काठावर, सकाळच्या फेरीत, रानकुत्र्यांच्या टोळीनं एक चितळ पाण्यात घातलं, पाण्यातून ओढून काढलं आणि ते उभं असतानाच मागून खायला सुरुवात केली. ते पडलं नव्हतं. मान वळवून आपल्याच अंगाकडे बघत होतं. बसमधली एक बाई लेकराचे डोळे झाकून रडत होती. एक म्हातारा ड्रायव्हरवर ओरडत होता, "हॉर्न वाजव, हाकल त्यांना!" मी खिडकीतून बाहेर ओकले. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि कानात म्हणालास, "अक्का, लॉजवाल्यांना तू अशीच दिसतेस."

मी तुला तिथेच कोपरानं मारलं. मग हसायला लागले. ओकता ओकता हसणारी बाई त्या बसनं पहिल्यांदाच बघितली असेल.

परत येताना तू म्हणालास, "त्या कुत्र्यांना भूक आहे, राग नाही. राग फक्त आपल्याकडे असतो." मी म्हटलं, राग सगळ्यांकडे असतो, ज्याचा दिसत नाही त्याच्यापासून लांब राहावं. हे आपण दोघंही किती वर्षं बोलत होतो. तुला ते तत्त्वज्ञान वाटायचं. मला तो धंद्याचा भाग वाटायचा.

कोडगूच्या हद्दीत, नागरहोळेच्या जंगलाला लागून असलेल्या ज्या कॉफीच्या मळ्यात आपण जीपच्या फेऱ्या सुरू केल्या, तो मळा मी मिळवला. मालक ऐकत नव्हता. मी त्याच्या ओसरीवर बसून राहिले. दुपारी तो वैतागून म्हणाला, "तुम्ही उठणार नाही का?" मी म्हटलं, "कॉफी दिलीत तर अजून बसेन." शेवटी तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि आत गेला. त्या मळ्यात फणसाची जुनी झाडं आहेत. उन्हाळ्यात फणस पिकले की जंगलातून हत्ती येतात. त्यांच्यात एक एकटा यायचा. मळ्यातली माणसं त्याला ओंटी सलग म्हणायची, म्हणजे एकटा फिरणारा सुळेवाला. डावा सुळा उजव्यापेक्षा आखूड. तू त्याचं नाव ठेवलंस भावोजी.

का ठेवलंस तेही लिहिते. मी लग्न केलं नाही. तुझं म्हणणं, मला शोभेल असा नवरा जगात एकच आहे, आणि तो हा. न बोलावता येतो, कुंपण मोडतो, पोटभर खातो आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. "अक्का, भावोजी आले गं, पदर घे!" असं तू भरल्या जीपमध्ये म्हणायचास आणि गिऱ्हाइकं खिदळायची. मी म्हणायचे, "तुझ्या भावोजींना सांग, मानपान काही मिळणार नाही, फणसावर भागवा." सगळं गमतीत चाललं होतं. गंमत नक्की कुठं संपली ते माझ्याही लक्षात आलं नाही. तू त्याच्याशी बोलायला लागलास. जीप उभी करून, हळू आवाजात, "काल कुठं होता? बरं आहे ना?" तो कान हलवायचा.

"बघ, ओळखतो मला."

"तो फणस ओळखतो."

"अक्का, तुला माणसं ओळखता येत नाहीत, हत्ती काय ओळखणार तू."

"मला माणसं ओळखता येतात म्हणून तू दोन वेळ जेवतोस."

हेच ते भांडण. नवं काही नाही.

आणि नियम तूच केलेला होता. वाघापुढं इंजिन बंद, हत्तीपुढं चालू. वाघ आवाजानं निघून जातो, म्हणून बंद करायचं. हत्ती यायचं ठरवलं की येतोच, म्हणून जीप निघायला तयार हवी. इंजिन चालू, रिव्हर्स टाकलेला, पाय क्लचवर. नवा ड्रायव्हर ठेवला की पहिल्या दिवशी तू त्याला एवढंच शिकवायचास. त्यातल्या एकानं कळपापुढं चावी फिरवली, तर फाटकाबाहेर आल्यावर तू त्याला गचांडी धरून गाडीतून ओढलंस आणि मातीत पाडलंस. मी सोडवायला गेले तर तू थरथरत होतास. "लोक मरतील अक्का, लोक मरतील याच्यामुळं." तुझा असा अवतार मी तोवर बघितला नव्हता. मला बरं वाटलं होतं. वाटलं, हा माझाच भाऊ.

मग भावोजींपुढं तुझा पाय क्लचवरून निघायला लागला. मी विचारलं तर म्हणालास, "नियम बाकीच्या हत्तींना. हे घरचे आहेत."

घरचे! मोहन, वडील गेल्यावर आपलं सामान ज्यांनी रस्त्यावर ठेवलं ते काका घरचेच होते. तुझी पुस्तकं गटारात पडलेली मी वेचली. तुला आठवत नव्हतं, तू लहान होतास. मला आठवत होतं. म्हणून मी परक्याशी भांडते आणि घरच्यापासून सावध राहते. तू उलटं करायचास.

त्यानंतरची एक गोष्ट मी तुझ्या मित्रांना कधी सांगितली नाही. पलीकडच्या गावात माणसं मारणारा एक हत्ती पकडला होता, आणि तू मला तो बघायला वनखात्याच्या छावणीत घेऊन गेलास. जाड ओंडक्यांचा पिंजरा, क्राल म्हणतात त्याला. आत हत्तीला वळायलाही जागा नाही. दोरानं पायाची कातडी सोलून निघालेली, आतलं लाल मांस दिसत होतं आणि त्यावर माशा. तो ओंडक्यावर डोकं आपटायचा, थांबायचा, पुन्हा आपटायचा. माणसाचं ऐकेपर्यंत असंच ठेवतात, असं तू म्हणालास. मी म्हटलं, "बरंच झालं. माजलेला एक तरी सरळ होईल."

परत येताना बंगळूरच्या अलीकडं चहाला थांबलो, तेव्हा तू उतरलास आणि गाडीच्या आरशावर मूठ मारलीस. आरसा फुटला, तुझी बोटं फाटली. रुमाल बांधता बांधता मी विचारलं, "हे कुणाला मारलंस?"

"तुला," म्हणालास. "तुला मारता येत नाही म्हणून आरशाला."

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं. तेव्हा तू मला उलट विचारलं असतंस, की असा एखादा घरातल्या कुणाला मारून गेला तर काय करशील, आणि मी काय ते उत्तर दिलं असतं. ते उत्तर मला नंतर उपयोगी पडलं असतं.

आता त्या दिवसाचं. गिऱ्हाईक इलेक्ट्रॉनिक सिटीतलं, मूळचं पुण्याचं, नवराबायको. त्याच्या कॅमेऱ्याला माझ्या हाताएवढी लेन्स. आधीच्या सहलीत काही दिसलं नाही म्हणून तो माझ्याशी फोनवर भांडभांड भांडला होता. माझ्याशी कुणी एवढं भांडलं की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो, म्हणून मी स्वतः आले होते. मी मागे त्याच्या बायकोशेजारी, तो पुढं तुझ्याजवळ. ऊन नुकतं चढत होतं.

भावोजी वळणावरच्या फणसाखाली उभे होते. खात नव्हते. डोळ्यामागून गालावर काळी ओली धार उतरली होती. हत्ती मस्तीवर आला की अशी धार सुटते, हे तूच मला दाखवलेलं. मी ती बघितली. तू बघितलीस हेही मी बघितलं, कारण तुझी मान क्षणभर ताठ झाली. तू जीप थांबवलीस, रिव्हर्स टाकलास. तिथवर सगळं बरोबर होतं.

"दादा, इंजिन बंद करा ना प्लीज," लेन्सवाला म्हणाला. "व्हायब्रेशन येतंय. एक क्लीन शॉट मिळाला की निघू."

"नाही," मी मागून म्हटलं.

"मॅडम, एकच..."

"मोहन, हल इथून."

तू मागं वळलास. मला चांगलं आठवतं, तू हसलास. "एनू आगल्ला, अक्का. काही होत नाही. घरचेच आहेत." आणि चावी फिरवलीस.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता होते ती मी इतकी वर्षं विकली. जंगलातली शांतता अनुभवा, असं आपल्या जाहिरातीतच आहे. त्या शांततेत आधी त्याच्या पायाखाली फांदी मोडली. मग कॅमेऱ्याची टकटक. मग त्याचे कान मागं गेले आणि सोंड आत वळली. तो ओरडला नाही. ओरडत येणारा हत्ती घाबरवायला येतो, गप्प येणारा मारायला येतो. तू चावी फिरवलीस, इंजिन लागलं, जीप हातभर मागं सरकली, आणि तो पोचला.

सुळा बॉनेटमधून आरपार गेला. वाफ फुटली. जीप पुढून उचलली गेली आणि मळ्याच्या हद्दीवरच्या चराच्या कडेला कुशीवर आपटली. लेन्सवाल्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. त्याची बायको माझ्या अंगावर, माझ्या तोंडात माती. मान वर केली तर भावोजी जीपवर कपाळ टेकून दाबत होते आणि पत्रा आमच्याकडं आत येत होता. मी चप्पल फेकली. पाण्याची स्टीलची बाटली फेकली, ती त्याच्या डोळ्याखाली लागली. येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या, मराठीत, कानडीत, मेलेल्या बापाच्या नावानं. पत्रा आत येतच होता.

तू पलीकडं फेकला गेला होतास. तुझ्या आणि त्याच्यामध्ये जीप होती आणि चर तुझ्या पाठीशी होता. हत्ती येऊ नयेत म्हणून खणलेला, खोल, उभ्या कडांचा. तू त्यात उतरला असतास तर आज हा लेख तू वाचत असतास आणि माझ्या चुका काढत असतास. तू उठलास. टाळ्या वाजवल्यास. "ओ भावोजी! इकडं! इकडं बघा!" आणि कॉफीच्या ओळीत पळालास.

तो वळला.

पुढचं सगळं लिहिणार होते, पण शैलाही वाचणार आहे म्हणून थोडंच लिहिते. कॉफीची झाडं तुझ्या उंचीची होती. मला तू दिसत नव्हतास, तो दिसत होता. त्याचं डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग त्यानं गुडघे टेकले. एकदा तुझा आवाज आला, नंतर नुसता फांद्यांचा. तो निघून गेल्यावर मी तुझ्यापर्यंत पोचले तेव्हा छातीच्या जागी छाती नव्हती. तोंड मात्र जसंच्या तसं होतं, आणि त्या तोंडावर आश्चर्य होतं. भीती असती तर मी सहन केली असती, मोहन. आश्चर्य कसलं? मी जन्मभर ओरडून काय सांगत होते तुला?

गावकऱ्यांनी तुला चटईत गुंडाळून मोठ्या रस्त्यावर ठेवलं. त्या बाजूची आता ती रीतच झाली आहे. हत्तीनं माणूस मारला की प्रेत रस्त्यावर ठेवायचं, गाड्या अडवायच्या आणि हत्तीला पकडायचा हुकूम मिळेपर्यंत उचलू द्यायचं नाही. तुझे मित्र म्हणतात, अक्कानं हे थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. मी सगळ्यांच्या पुढं होते. वनखात्याचे साहेब आले, तुझ्याच वयाचे असतील, हात जोडून म्हणाले, "अम्मा, आधी बॉडी हलवू द्या. मग बसून बोलू."

"आधी हुकूम. मग बॉडी."

"चौकशी केल्याशिवाय हुकूम काढता येत नाही मला."

"मग करा चौकशी. तो इथंच पडलाय. ऊन लागतंय त्याला."

आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी तुला मध्ये ठेवून केला. तुझ्यावर माशा बसत होत्या, त्या मी पदरानं हाकलत होते आणि एक शब्द मागं घेत नव्हते. लोक मागून घोषणा देत होते, कुणीतरी एका गाडीची काच फोडली, आणि मला तो आवाज गोड लागला. शेवटी ठरलं. जागेवर चौकशी होईल. हत्ती कारण नसताना अंगावर आला असं निघालं, तर त्याला पकडून क्रालमध्ये घालतील. माणसानं त्याच्या पुढ्यात थांबून त्याला डिवचलं असं निघालं, तर तो मोकळा राहील. या बोलीवर मी तुला उचलू दिलं.

साक्षीला आम्ही तिघं. लेन्सवाल्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले होते, तिला काही सांगता येईना. लेन्सवाल्याला भेटायला मी हॉस्पिटलात गेले. त्याचा खांदा बांधलेला. म्हणाला, "मॅडम, मी काय सांगू? तुम्ही म्हणाल तेच सांगतो."

मी त्याच्या बऱ्या बाजूची कॉलर धरली. "बंद करायला तू सांगितलंस."

"मी रिक्वेस्ट केली. बंद दादांनी केलं ना?" तो रडायला लागला. तो खरं बोलत होता, म्हणूनच मी कॉलर जास्त घट्ट धरली. नर्सनं येऊन सोडवली.

म्हणजे सगळं माझ्या तोंडावर आलं. इंजिन चालू होतं, वळण घेतलं आणि तो एकदम आला, एवढं म्हटलं की तो पिंजऱ्यात आणि तुझं नाव स्वच्छ. बंद होतं म्हटलं, की तो फणस खायला मोकळा, आणि तू कोण? ज्यानं दुसऱ्यांना शिकवलेला नियम स्वतः मोडला, गिऱ्हाइकांना मरणाच्या दारात नेलं, तो ड्रायव्हर.

शैला माझ्यासमोर बसली. तुझी ती शांत शैला, जिनं कधी माझ्यापुढं आवाज चढवला नाही. म्हणाली, "अक्का, इंजिन चालू होतं एवढंच सांगा. त्याला कुणी बोट दाखवायला नको. आणि त्या जनावराला बांधून मारू देत. त्याची कातडी निघू दे." हे ती किती सावकाश बोलली.

मी म्हटलं, "सांगते." मनापासून म्हटलं. डोळे मिटले की मला तो क्रालमध्ये दिसायचा आणि दोर माझ्या हातात असायचा. मी ओढायची. त्याच्या पायातून रक्त यायचं. तेवढ्यात काय ती मला झोप लागायची.

चौकशीच्या दिवशी आम्ही त्याच जागेवर गेलो. कॉफीच्या मोडलेल्या फांद्या वाळल्या होत्या. गावकरी दोरापलीकडं उभे होते, शैला त्यांच्यात. साहेबांनी एकेक विचारलं, शेजारचा लिहून घेत होता. जीप कुठं होती, हत्ती कुठं होता, किती लांब. मग म्हणाले, "तो आला तेव्हा इंजिन चालू होतं की बंद?"

चालू हा शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. आणि तेवढ्यात मला कळलं, की चालू म्हटलं तर तू बरोबर ठरतोस. तू नियम पाळलास, सावध होतास, नशीब फुटकं निघालं, असं होतं. मंडळात, गल्लीत, सगळीकडं तेच म्हणतील. आणि मी मागून "नाही" म्हटलं होतं, "हल इथून" म्हटलं होतं, ते कधी झालंच नव्हतं असं होईल. तू जन्मभर माझं ऐकलं नाहीस. ज्या एका वेळी मी बरोबर असणं तुझ्या जिवाच्या कामाचं होतं, त्या वेळचं माझं "नाही" मी स्वतःच्या तोंडानं पुसून टाकू? तुझ्यासाठी मी पुष्कळ सोडलं, मोहन. हे सोडणार नव्हते.

"बंद होतं," मी म्हटलं. "तो मस्तीवर आहे हे दिसत होतं. तरी माझ्या भावानं इंजिन बंद केलं. मी नको म्हणत होते. त्यानं ऐकलं नाही."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "अम्मा, याचा अर्थ काय होतो ते..."

"मला अर्थ कळतो. लिहा."

तेव्हा तिथं वर बसून उगाच हसू नकोस. हे मी तुझ्या हत्तीसाठी केलेलं नाही. तुझ्यावरच्या रागानं केलं. त्या रागानं तो वाचला असेल, तर तो हिशेब तू आणि तो बघून घ्या. गावकऱ्यांनी माझ्या गाडीवर दगड मारले. तुझ्या मित्रांपैकी एकजण पायाशी थुंकला. मळ्याच्या मालकानं फेऱ्या बंद केल्या. घरी आल्यावर शैलानं माझ्या मुस्काटात मारली. तिच्या हातात एवढा जोर आहे हे तू कधी बोलला नाहीस. मला कुणी मारलं आणि मी उलटा हात उचलला नाही, असं घडलेलं नव्हतं. त्या दिवशी घडलं. तिनं अजून मारलं असतं तरी मी उभी राहिले असते.

पण एक राहिलं. साहेबांनी इंजिनापर्यंतच विचारलं. टाळ्यांचं विचारलं नाही, कारण चौकशी हत्तीची होती, तुझी नव्हती. मी सांगायला लागले तर म्हणाले, "तेवढं पुरे, अम्मा." ते कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून मंडळाच्या अंकात मी ते लिहिते, सगळ्यांनी वाचावं म्हणून. चर मोहनच्या पाठीशी होता आणि तो चरात उतरला नाही. तो टाळ्या वाजवत पळाला, आम्ही तिघं जगलो. इंजिन तूच बंद केलंस आणि टाळ्याही तूच वाजवल्यास. पहिल्यासाठी मी तुला माफ करत नाही. दुसऱ्यासाठी तुझे पाय धरायला हवेत. थोरली आहे, धरणार नाही. पण तू असतास तर मी तुझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला असता आणि हात बराच वेळ तिथंच ठेवला असता.

त्या हत्तीची मस्ती उतरली म्हणतात. तो कालव्याकडच्या झाडांत दिसला. हे ऐकून मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. मेला असता तर आवडलं असतं. पिंजऱ्यात आहे असं ऐकलं असतं, तर तू फोडलास तो आरसा आठवला असता, एवढं मात्र खरं.

शैला माझ्याशी बोलत नाही. तरी गेल्या सोमवारी ती दुकानात आली, न विचारता तुझ्या खुर्चीवर बसली. मी चहा मागवला. तिनं घेतला नाही. तेवढ्यात फोन वाजला, मल्लेश्वरमचं कुणीतरी, पोरांना सुट्टीत जंगल दाखवायचं होतं. मी खोल्या सांगितल्या, बोट सांगितली, गिऱ्हाईक तयार होत आलं. मग त्यानं विचारलं, हत्ती अगदी जवळून दिसतील ना? माझं उत्तर तोंडात तयार असतं, हात लावाल इतक्या जवळून. मी श्वास घेतला आणि शैलानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"लांबून दिसतील," ती म्हणाली. "जवळून पाहिजे असतील तर दुसरीकडं विचारा."

तिनं फोन टेबलावर ठेवला. गिऱ्हाईक गेलं. तिनं खुर्ची पुढं ओढली, चहाचा गार पेला उचलला आणि पुढच्या फोनची वाट बघत बसली.